नोंदींचं ॲप निवडताना आधी परतीची वाट शोधा

गेल्या आठवड्यात तुम्ही नोंदी कुठेकुठे केल्यात ते एकदा फोन उघडून बघा. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवलेले तीन मेसेज, फळ्याचा फोटो, डझनभर स्क्रीनशॉट, मेलच्या ड्राफ्टमध्ये पडून राहिलेला अर्धा परिच्छेद, आणि फोनबरोबर आलेल्या ॲपमध्ये नाव न दिलेल्या चार नोंदी. ॲप नाही म्हणून कुणाचं अडत नाही. जागा पाच असतात आणि नेमकं हवं तेव्हा त्यातली कुठली ते आठवत नाही, अडतं ते तिथे.

मी स्वतः आतापर्यंत पाच ॲप्स बदलली. त्यातल्या एकाने निरोप घेताना माझ्या हातात जी फाइल ठेवली, ती दुसऱ्या कुठल्याच ॲपला उघडेना. दोन वर्षांच्या नोंदी मी एकेक पान कॉपी करत बाहेर काढल्या. तेव्हापासून कुठलंही ॲप बघताना मी आत काय काय आहे हे नंतर बघतो, बाहेर पडायचं दार आधी शोधतो. या लेखातला क्रमही थोडाफार तसाच आहे.

पहिली पायरी: वीस नोंदी गोळा करा

ॲप उतरवून घ्यायच्या आधी कागद घ्या. हो, कागदच. तुमच्या सगळ्या जागांमधल्या शेवटच्या वीस नोंदी त्यावर एकेका ओळीत लिहा. मग प्रत्येकीसमोर एक खूण करा: ही चार दिवसांत मरणारी आहे, वर्षातून एकदा लागणारी आहे, की वाढत जाणारी आहे?

चार दिवसांत मरणाऱ्या म्हणजे आणायच्या वस्तूंची यादी, कुणाला तरी करायचा फोन. वर्षातून एकदा लागणाऱ्या म्हणजे चष्म्याचा नंबर, प्रिंटरला कुठली शाई लागते, बिघडलेलं यंत्र गेल्या वेळी कसं सुरू केलं होतं. वाढत जाणाऱ्या म्हणजे अभ्यासाची टिपणं, लेखाचा कच्चा मजकूर, एकाच कामाच्या बैठकांचे मुद्दे.

वीसपैकी पंधरा नोंदी पहिल्या जातीच्या निघाल्या, तर तुम्हाला नवं काही नकोच आहे. फोनमध्ये आलेलं नोंदींचं ॲप वापरा आणि हा लेख इथेच सोडा. खरंच सांगतो. ज्यांना यादीपलीकडे काही लिहायचं नसतं असे कितीतरी लोक तक्ते, आलेख आणि टॅगांचे डोंगर असलेल्या ॲपमध्ये शिरतात आणि महिन्याभरात पुन्हा स्वतःलाच मेसेज पाठवू लागतात.

दुसरी जात जास्त असेल तर तुमची गरज शोधाची आहे. तिसरी जास्त असेल तर मजकूर किती वर्षं टिकणार आणि कुठे राहणार, हा प्रश्न सगळ्यांत मोठा.

दुसरी पायरी: उपकरणं मोजा

हे लवकर उरकतं. फोन, लॅपटॉप, टॅब्लेट यांपैकी काय काय वापरता, आणि नोंदी आणखी कुणाबरोबर वाटून घ्यायच्या आहेत का? ॲपलचं नोट्स सुरेख आहे, पण अँड्रॉइडसाठी त्याचं ॲप नाही. आयफोन आणि विंडोजचा लॅपटॉप अशी जोडी असेल तर लॅपटॉपवर ब्राउझरमधून काम भागवावं लागतं. गुगल कीप आणि वननोट जवळपास सगळीकडे चालतात. पेनने टॅब्लेटवर लिहायचं असेल तर वननोट, गुडनोट्स, सॅमसंग नोट्स ही वेगळीच शाखा आहे. तिथे विचारायचा प्रश्न एकच: हाताने लिहिलेलं मराठी त्याला वाचता येतं का? कंपनीची जाहिरात वाचू नका, दोन ओळी लिहून त्यातला एक शब्द शोधून बघा.

तिसरी पायरी: नोंद राहते कुठे ते समजून घ्या

तक्त्यात ॲप्सची तुलना करणारे लेख इथेच चुकतात असं मला वाटतं. ते बटणं मोजतात. खरा फरक बटणांचा नसतो, मजकूर कुठल्या रूपात आणि कुणाच्या ताब्यात असतो याचा असतो.

एक जात चिठ्ठ्यांची. गुगल कीप हे तिचं ठळक उदाहरण. रंगीत चिठ्ठ्या, लेबलं, चटकन उघडणं. लांब मजकूर तिथे मावत नाही. सुमारे 20,000 अक्षरांनंतर एक चिठ्ठी वाढत नाही. मराठीत ही मर्यादा वाटते त्याहून लवकर येते, कारण काना, वेलांटी, अनुस्वार हे सगळे संगणकाच्या हिशेबात स्वतंत्र अक्षर म्हणून मोजले जातात. ‘नोंदी’ हा आपल्या डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द. यंत्राला तो पाच अक्षरांचा.

दुसरी जात कंपनीच्या सर्व्हरवर राहणाऱ्या वह्यांची. एव्हरनोट, वननोट, नोशन. यात फोटो, तक्ते, फाइली, जोडीदारांबरोबर एकत्र लिहिणं हे सगळं येतं. नोशन तर वहीपेक्षा कार्यालयाच्या कपाटाजवळ जातं. पाचसहा जणांना एका प्रकल्पावर काम करायचं असेल तर ते छान, एकट्याने टिपणं काढायला जड. त्यातही इंटरनेटशिवाय काम करायची सोय नोशनमध्ये थेट ऑगस्ट 2025 मध्ये आली, आणि तीही पानं आधी उपकरणावर उतरवून ठेवलेली असली तरच उपयोगी पडते.

तिसरी जात तुमच्याच फोल्डरमध्ये साध्या फाइली ठेवणाऱ्यांची. 2020 साली आलेलं ऑब्सिडियन यातलं सध्या सर्वांत बोलबाला असलेलं. तुमची प्रत्येक नोंद म्हणजे मार्कडाउन नावाच्या पद्धतीने लिहिलेली एक साधी मजकूर-फाइल. मार्कडाउन 2004 पासून आहे आणि ते शिकायला दहा मिनिटं लागतात: शीर्षकाआधी एक चौकट-चिन्ह (#), ठळक शब्दाभोवती दोन दोन तारे, यादीआधी आडवी रेघ. ॲप उद्या नाहीसं झालं तरी फाइली कुठल्याही साध्या एडिटरमध्ये उघडतात. किंमत कुठे मोजावी लागते? दोन उपकरणांमध्ये सिंक करणं, म्हणजे दोन्हीकडे तीच ताजी नोंद ठेवणं. ऑब्सिडियनची स्वतःची सिंक सेवा पैसे मागते. ती नको असेल तर दुसऱ्या कुठल्या तरी क्लाउडचा खटाटोप तुम्हाला जमवावा लागतो, आणि नवख्याला पहिल्याच दिवशी तिथे ठेच लागते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीच्या मधलं एक नाव सांगतो, कारण ते फारसं कुणी सुचवत नाही: जॉप्लिन. मुक्त स्रोताचं, मोफत, ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्हवरून सिंक होणारं, आणि सगळ्या नोंदी मार्कडाउनमध्ये बाहेर काढू देणारं. दिसायला साधं, किंचित ओबडधोबड. मला ते ओबडधोबडपण आवडतं. त्याच्याशी खेळत बसावंसं वाटत नाही, त्यामुळे लिहून होतं.

चौथी पायरी: दोन ॲप्स निवडा आणि परीक्षा घ्या

दोनच. तीन घेतलीत तर आठवडाभर ॲप्सच बघत बसाल. कागदावरच्या त्याच वीस खऱ्या नोंदी दोन्हींमध्ये टाका. ‘चाचणी 1, चाचणी 2’ अशा खोट्या नोंदींनी काहीच कळत नाही.

पहिली परीक्षा वेगाची. फोन खिशात, कुलूपबंद. खिशातून काढून नोंदीचा पहिला शब्द टाइप होईपर्यंत किती वेळ लागतो ते मोजा. दहा सेकंदांच्या वर गेलं तर घाईच्या वेळी तुम्ही पुन्हा मेसेजकडे वळणार, हे धरून चाला. होमस्क्रीनवर विजेट ठेवून हा वेळ बऱ्याचदा निम्मा होतो, म्हणून नापास करण्याआधी विजेट लावून एकदा बघा.

दुसरी परीक्षा शोधाची, आणि मराठीत लिहिणाऱ्याने तिच्यावर अर्धा तास घालवायला हरकत नाही. आपल्या भाषेत शब्द मूळ रूपात क्वचितच सापडतो. ‘पाणी’ असं शोधलंत तर ‘पाण्याच्या टाकीचा व्हॉल्व्ह’ ही नोंद येणार नाही, कारण सामान्यरूपात ‘णी’ची ‘ण्या’ झाली आहे. त्यामुळे शोधताना शब्दाचा न बदलणारा भागच टाकायचा: ‘पाण’. आता बघा, ॲप ‘पाण’ वरून ‘पाण्याच्या’ दाखवतं का? काही ॲप्स पूर्ण शब्द जुळला तरच दाखवतात. अशा ॲपमध्ये मराठी नोंदी ठेवणं म्हणजे विहिरीत सुई टाकणं.

याहून फसवा प्रकार डोळ्यांना दिसतच नाही. ‘ॲप’ मधला ‘ॲ’ युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या अक्षरांच्या प्रमाण यादीत, स्वतंत्र अक्षर म्हणून 2008 साली आला. पण त्याच्याआधीची पद्धत अजून चालू आहे: साधा ‘अ’, मग एक अदृश्य जोडखूण, मग वरचा चंद्र. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन निरनिराळे शब्द. ‘दुसऱ्या’, ‘तऱ्हा’, ‘कोऱ्या’ या शब्दांतल्या अर्ध्या र चंही तेच; काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ‘ऱ’ वापरतात, काही साध्या ‘र’ ला अदृश्य खूण जोडतात. फोनवर एक कीबोर्ड आणि लॅपटॉपवर दुसरा असेल, तर फोनवर लिहिलेली ‘दुसऱ्या बैठकीचे मुद्दे’ ही नोंद लॅपटॉपवर ‘दुसऱ्या’ असं शोधून मिळेलच असं नाही. नोंद तिथेच असते. आपण मात्र ती पुसली गेली असं समजून पुन्हा लिहायला बसतो.

तर परीक्षा अशी: फोनवर ‘दुसऱ्या’ आणि ‘ॲप’ हे शब्द असलेली नोंद करा, लॅपटॉपवरून शोधा, मग उलट करा. सापडली तर उत्तम. नाही सापडली तर ॲप टाकून द्यायलाच हवं असं नाही. अशा नोंदींच्या शीर्षकात एक सोपा, जोडाक्षर नसलेला शब्द ठेवायची सवय लावली तरी चालतं. आकड्यांचंही ठरवून घ्या. ‘२०२४’ आणि ‘2024’ हे बहुतेक शोधांना वेगवेगळे वाटतात. कुठले वापरायचे ते तुमच्या मर्जीवर, पण एकच जात वापरा. आणि घाईत रोमन लिपीत टाइप केलेलं मराठी? ते देवनागरीतून शोधून मिळत नाही. अशा नोंदीला निदान शीर्षक तरी देवनागरीत द्या.

तिसरी परीक्षा भांडणाची. फोन एअरप्लेन मोडवर टाका. एकाच नोंदीत फोनवर एक ओळ वाढवा, लॅपटॉपवर दुसरी. मग फोन पुन्हा जाळ्यात आणा. चांगलं ॲप दोन्ही ओळी जोडतं, किंवा दोन प्रती ठेवून ‘यातली कुठली हवी’ असं विचारतं. वाईट ॲप एक ओळ गुपचूप गिळतं. ही परीक्षा कुणी घेत नाही आणि प्रवासात केलेल्या नोंदी हरवल्या की मग आठवते.

पाचवी पायरी: बाहेर पडून बघा

आता सेटिंग्जमध्ये जाऊन ‘एक्स्पोर्ट’ शोधा आणि त्या वीसच्या वीस नोंदी बाहेर काढा. सोय आहे असं वाचून समाधान मानू नका, काढाच.

काय मिळालं ते उघडून बघायचं. मार्कडाउन, साधा मजकूर किंवा एचटीएमएल मिळालं तर निश्चिंत व्हा. नोशन मार्कडाउन देतं. एव्हरनोट स्वतःच्या ईनेक्स रूपात देतं, पण ते इतकं जुनं आणि पसरलेलं आहे की जॉप्लिनसारखी बरीच ॲप्स ते आत घेतात. कीपच्या चिठ्ठ्या गुगल टेकआउट या आपली माहिती उतरवून घ्यायच्या सेवेतून एचटीएमएलमध्ये मिळतात. वननोटमधून विंडोजवर पानं वर्ड किंवा पीडीएफ रूपात काढता येतात; साध्या मजकुराचा थेट रस्ता तिथे नाही, हे मोठी वही भरण्याआधी माहीत असलेलं बरं.

पीडीएफवर विसंबू नका, देवनागरीत तर मुळीच नाही. पीडीएफमधला मराठी मजकूर कॉपी करून दुसरीकडे चिकटवा. वेलांट्या जागा बदलतात, जोडाक्षरं फुटतात, कधी नुसत्या चौकोनांची रांग येते. छापायला पीडीएफ ठीक. त्यातून नोंदी पुन्हा उभ्या करायच्या म्हटलं तर टाइप करायलाच बसावं लागतं.

एवढा आग्रह का? कारण कुठलं ॲप टिकेल हे आधी ओळखता येत नाही, मोठ्यांनाही नाही. गुगलने 13 मार्च 2013 ला रीडर ही लोकप्रिय सेवा बंद करणार असं जाहीर केलं आणि आठवडाभराने, 20 मार्चला, कीप आणलं. गुगलच्या या नव्या वहीवर आता कोण भरवसा ठेवणार, असं तेव्हा कितीतरी जणांनी लिहिलं होतं. कीप अजून चालू आहे. उलट स्किफ बघा. एन्क्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, मेल आणि दस्तऐवज देणारी ही सेवा खाजगीपणाची काळजी असलेल्यांनी विश्वासाने निवडली होती. फेब्रुवारी 2024 मध्ये नोशनने ती विकत घेतली, ती बंद होणार असं जाहीर झालं आणि लोकांना आपला माल हलवायला सहा महिने मिळाले. एव्हरनोट बंद पडलं नाही, पण 2023 च्या सुरुवातीला त्याची मालकी बेंडिंग स्पून्स या इटालियन कंपनीकडे गेली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात मोफत खात्याची मर्यादा 1,00,000 नोंदींवरून 50 नोंदी आणि एक वही इतकी खाली आली. जुन्या नोंदी लोकांना वाचता आणि बाहेर काढता येत होत्या. नवी मात्र करता येईना. ज्यांनी आधी कधीतरी एक्स्पोर्ट करून बघितलं होतं ते शांतपणे निघाले, बाकीचे त्या दिवशी पहिल्यांदा सेटिंग्ज उघडून बसले.

मोफत असणं हा मुद्दा म्हणून मी वेगळा लिहीत नाही, तो इथेच येतो. मोफत खात्याची मर्यादा कशावर आहे ते बघा: नोंदींच्या संख्येवर, उपकरणांवर, की जागेवर? नुसता मजकूर लिहिणाऱ्याला जागेची मर्यादा सहसा बाधत नाही. आयक्लाउडचे मोफत 5 जीबी किंवा गुगलचे 15 जीबी नोंदींनी भरत नाहीत, ते फोटोंनी भरतात. आणि आयक्लाउड भरलं की ॲपलच्या नोंदींचं सिंकही अडकतं. फळ्याचे फोटो काढून साठवायची सवय असेल तर हा हिशेब आधीच करा.

कुलपाबद्दल थोडं

‘एन्क्रिप्टेड’ हा शब्द सगळेच लावतात. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ एवढाच असतो की नोंद वाटेत आणि सर्व्हरवर कुलपात आहे, पण किल्ली कंपनीकडेही आहे. किल्ली फक्त तुमच्याकडे असते त्याला एंड-टू-एंड म्हणतात. स्टँडर्ड नोट्स मुळातच तसं आहे, जॉप्लिनमध्ये ते सेटिंग्जमधून चालू करावं लागतं, ॲपलच्या नोट्समध्ये कुलूप लावलेल्या नोंदींना ते मिळतं. यात एक बोच आहे: पासवर्ड विसरलात तर कंपनीही काही करू शकत नाही. नोंदी गेल्या म्हणजे गेल्या. तो पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवायला लाजू नका.

बँकेचे पिन आणि पासवर्ड मात्र कुठल्याच नोंदींच्या ॲपमध्ये ठेवू नका. त्यासाठी पासवर्ड मॅनेजर असतो.

सहावी पायरी: पंधरा दिवस एकच

दोनपैकी एक निवडा आणि दुसरं फोनवरून काढून टाका. नुसतं बाजूला ठेवलंत तर तिथेही दोन नोंदी पडतील आणि सातवी जागा तयार होईल.

या पंधरा दिवसांत फोल्डर बनवायचे नाहीत. ही सूचना लोकांना आवडत नाही, मला माहीत आहे. नव्या ॲपमध्ये शिरल्यावर पहिल्या संध्याकाळी ‘काम’, ‘घर’, ‘वाचन’, ‘कल्पना’ अशी कप्प्यांची उतरंड रचण्यात एक सुख असतं. पण कप्पे नोंदींच्या आधी आले की प्रत्येक नोंद करताना ‘ही कुठे टाकू’ असा थांबा लागतो, आणि त्या थांब्यावर नोंद उतरून जाते. सगळं एकाच ढिगात पडू द्या. फक्त शीर्षक नीट द्या: उद्या ही शोधताना मी कुठला शब्द टाइप करेन, तो शब्द शीर्षकात. ‘महत्त्वाचं’ हे शीर्षक नाही. ‘प्रिंटर शाई क्रमांक’ हे आहे.

पंधरा दिवसांनी ढिगाकडे बघा. ज्या विषयाच्या दहाहून जास्त नोंदी जमल्या असतील त्याच विषयाला फोल्डर किंवा टॅग. बाकीचा ढीग ढीगच राहू द्या, शोध कशासाठी आहे मग?

जुन्या जागांमधलं सामान हलवायचा मोहही आवरा. हजार स्क्रीनशॉट नव्या घरात आणून टाकले तर नवं घर पहिल्याच दिवशी अडगळीची खोली होतं. जुनं जिथे आहे तिथे राहू द्या. एखादी जुनी नोंद खरोखर लागली, की त्या वेळी तेवढी एक नव्या ॲपमध्ये आणा. माझ्या अनुभवात सहा महिन्यांत चाळीसेक नोंदी आल्या. उरलेल्यांची आठवणही झाली नाही.

शेवटचं काम पाच मिनिटांचं आहे. कॅलेंडरमध्ये दर तीन महिन्यांनी येणारी एक आठवण टाका: ‘नोंदी एक्स्पोर्ट’. त्या दिवशी सगळं बाहेर काढायचं, फोल्डरला तारखेचं नाव द्यायचं, लॅपटॉपवर एक प्रत आणि पेनड्राइव्हवर एक. मग त्यातली कुठलीही एक फाइल उघडून ‘दुसऱ्या’ मधला ‘ऱ्या’ शाबूत आहे ना, तेवढं बघून घ्यायचं.